पोपट मिस्त्रीवर आमचा पहारा

आमच्या घराण्यात आजवर एकदाही चोरी झालेली नाही, आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे आमचा कुणावरही विश्वास नाही.

गॅसचं सिलेंडर आलं की माझे वडील, म्हणजे अण्णा, ते उचलून बघतात, मग गाडीतलं दुसरं उचलून बघतात आणि शेवटी पहिलंच घरात घेतात. दूध घ्यायच्या आधी आई दूधवाल्याकडून माप मागून घेते आणि त्याचं बूड आतून चेपलंय का ते बोटाने बघते. माझी बायको मंदा लग्न होऊन आली तेव्हा म्हणे भोळी होती (हे तीच सांगते), पण वर्षभरात तीही वाण्याच्या तराजूखाली हात घालून बघायला लागली. मी तर सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. म्हणजे संशय घेण्याचा मला पगार मिळत असे.

अशा आम्ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमची जुनी पिकअप दुरुस्तीला टाकली. म्हणजे परक्या माणसाच्या ताब्यात दिली.

ही निळी पिकअप मखमलाबादला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कैक वर्षं उभी होती. उभी कसली, बसलेली होती. चारही टायर जमिनीला टेकलेले, टपावर कोंबड्या, मागच्या हौद्यात जळण. अण्णांनी ती ऐन तरुणपणी घेतली होती. मळ्यातला झेंडू, शेवंती, गुलाब तिच्यात भरून ते रोज पंचवटीच्या फूलबाजारात जात. पुढे इंजिनने मान टाकली आणि अण्णा भाड्याच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर फुलांची पाटी घेऊन बसायला लागले. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो होतो. टेम्पो थांबला तसं अण्णांनी त्या पोरसवदा ड्रायव्हरला विचारलं, "उतरू का?"

आयुष्यभर ज्याने स्वतः स्टिअरिंग धरलं, त्याने असं विचारावं याचं मला फार वाईट वाटलं. घरी आल्या आल्या मी बोलून बसलो, "अण्णा, यंदा दसऱ्याचा झेंडू आपल्याच पिकअपमधून जाईल. आणि गाडी तुम्ही चालवाल."

 दुसऱ्याच दिवशी जाऊन अण्णांनी दसऱ्यासाठी ठरलेल्या टेम्पोवाल्याला नाही सांगून टाकलं.

ज्यांच्या घरी झेंडू होत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच झेंडूला म्हैससुद्धा नाक मुरडते. त्या दिवसाचे टेम्पो लोक गणपतीआधीच सांगून ठेवतात. थोडक्यात, पिकअप वेळेवर झाली नसती तर अख्खा मळा जागच्या जागी सुकला असता, आणि अण्णा जन्मभर काही बोलले नसते. ते काही न बोलणंच मला जास्त भोवलं असतं.

दिंडोरी रोडला पोपट मिस्त्रीचं गॅरेज होतं. पोपट मिस्त्री केसांना कलप लावायचा, मिशी कोरायचा आणि ग्रीसच्या हातानेही खिशातला कंगवा काढायचा. गाडीकडे बघायच्या आधी तो गिऱ्हाइकाकडे बघत असे. त्याचे सगळे पाने एका लोखंडी पेटीत असत, पेटीला कुलूप असे आणि कुलपाची किल्ली करगोट्याला.

"गिऱ्हाईक पाने पळवतं, भाऊ," तो मला म्हणाला. "मागं एक प्रोफेसर जॅक घेऊन गेला. चष्मा होता, तरी."

हा माणूस स्वतःच संशयी आहे हे बघून मला त्याचा फार संशय आला.

आम्ही पिकअप ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली होती. ती आत घेतल्यावर पोपटने हात पुढे केला. "चावी?"

"वेळ आली की मिळेल."

"भाऊ, इंजिन जाम हाय, टायरात हवा नाय. ही गाडी मी काय खांद्यावर टाकून पळवणार हाय का?"

"तरीपण."

चावी मी निघायच्या आधीच गाडीतच एका ठिकाणी लपवली होती. कुठे, ते मंदालाही सांगितलं नव्हतं. चोर आपलं घर पालथं घालतो पण चोरायच्या गाडीतच शोधत नाही, असं काहीसं तत्त्व त्यामागे होतं. आज ते मला नीट आठवत नाही, तेव्हा मात्र मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आता पहाऱ्याचं. आमच्याकडे घराचं काम काढलं की गवंड्यासमोर एक माणूस बसतो. दळण टाकलं की गिरणीत एक माणूस बसतो. सोनाराकडे डाग मोडायला दिला तर सगळं घर बसतं. तेव्हा गॅरेजात माणूस बसणार हे उघडच होतं. सकाळी अण्णा, दुपारी आई, रविवारी आणि कामावरून सुटल्यावर मी, आणि मधल्या वेळात स्वयंपाक उरकून जेवणाचा मोठा डबा घेऊन मंदा. जुन्या गाडीचे अस्सल भाग काढून मिस्त्री त्या जागी नकली बसवतात, हे आमच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतं.

अण्णा बाजार उरकून फुलांची रिकामी पाटी घेऊन यायचे आणि पोपटच्या डोक्याशी उभे राहायचे. आई एका जुन्या टायरवर बसून मेथी निवडायची आणि मान वर न करता चौकशी करायची.

"आता काय काढलं रे?"

"नट हाय, आजी."

"मग खाली कशाला टाकला?"

"परत लावायचा हाय."

"तोच लाव."

"दुसरा कुठून आणू, आजी?"

"ते तुला ठाऊक."

पोपटही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो स्टूल असं मांडून बसायचा की त्याला एकाच वेळी आमचं इंजिन आणि आपली पान्यांची पेटी दोन्ही दिसावीत. आम्ही त्याच्यावर नजर ठेवायचो, तो आमच्यावर ठेवायचा, आणि गाडीकडे बघायला फारसं कुणी उरायचं नाही.

आणि मग एके दिवशी हॉर्न गेला.

हा हॉर्न म्हणजे साधासुधा नव्हता. अण्णांनी मुद्दाम बसवून घेतलेला मोठा भोंगा होता. तो वाजला की फूलबाजारातली माणसं न बघता म्हणत, "मखमलाबाद आलं." संध्याकाळी मी गॅरेजात गेलो तर त्याच्या जागी नुसत्या दोन वायरी.

"मिस्त्री, हॉर्न?"

"हितंच तर होता," असं म्हणून पोपट इकडेतिकडे शोधायला लागला. स्टोअरमध्ये एवढी वर्षं काढल्यावर मला पक्कं माहीत होतं की ज्याने वस्तू नेलेली असते तोच सगळ्यात मन लावून शोधतो.

घरी सांगितलं तर आई हादरली. मंदाने "तरी मी म्हणत होते" असं म्हटलं (ती म्हणत नव्हती). अण्णा मात्र शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "लक्ष ठिवा. लय लबाड हाय तो." चारच दिवसांत बाजूचे दोन्ही आरसे गेले. मग पुढच्या दिव्यांच्या चकचकीत कड्या. मग चाकांवरच्या पत्र्याच्या वाट्या. मग गियरच्या दांड्याची मूठ, जी अण्णांनी स्वतः शिसवीच्या लाकडाची करून घेतली होती. जसजसा पहारा वाढवला तसतशी गाडी कमी होत गेली. शेवटी मीही जागा झालो आणि नंबरप्लेट स्क्रू काढून शर्टाच्या आत घालून घरी आणली. नंबराशिवाय तो गाडी विकणार कशी! पण माझी गोष्ट वेगळी. मी ती सुरक्षित ठेवली होती. आमच्याच गादीखाली.

याच सुमारास मंदाच्या माहेरच्या एका साखरपुड्यासाठी आम्ही पिंपळगाव बसवंतला गेलो. हायवेवर उतरलो आणि कांद्याच्या टेम्पोंच्या गर्दीतून एक भोंगा ऐकू आला. मी जागीच थबकलो.

"मंदा, हा आपला हॉर्न."

"अहो, चला. मुहूर्त टळेल."

पण मी त्या टेम्पोच्या आडवा गेलो होतो. ड्रायव्हर काच खाली करून वाकला. पिळदार मिशा, डोक्याला उपरणं. मी म्हणालो, "हा हॉर्न कुठून घेतलात?"

"हाई गाडी मनी शे. हॉर्न बी मनाच शे," तो म्हणाला. माणूस कळवणकडचा होता, आणि अहिराणीत 'मनी' म्हणजे 'माझी'.

"बिल आहे?"

मागे कांद्याच्या टेम्पोंची रांग लागली. हमाल जमले. कुणीतरी विचारलं, "काय झालं?" आणि दुसऱ्याने, "त्याचा हॉर्न चोरलाय म्हणतो," असं सांगितलं, तर तिसऱ्याने मलाच धरलं, की हॉर्न चोरणारा हाच का? त्या ड्रायव्हरने शेवटी खाली उतरून बॉनेट उघडून दाखवलं. आमचा हॉर्न काळा होता. त्याचा लाल निघाला. मी माफी मागितली, पण मनात म्हटलं, रंग काय, कुणीही देईल.

साखरपुड्याच्या मांडवात गेलो तर मानाच्या लोडाला टेकून तोच माणूस बसलेला. नवऱ्या मुलाचा सख्खा मामा! पंगतीत वाढपी माझ्यापुढे आला तेव्हा समोरच्या रांगेतून आवाज आला, "याले दोन लाडू जास्ती वाढा रे, नहीतर मना हॉर्न लई जाई." सगळी पंगत हसली. मंदा हसली नाही. परत येताना ती एस्टीत माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसली.

दसरा जवळ आला तसं मी बाकी सगळं सोडून गाडीच्या सीटवर लक्ष ठेवलं. जुनी सीट फाटून पार चाळण झाली होती. नवं रेक्झिन चढवायला पोपटने पंचवटीतून एक सीटवाला बोलावला. हे लोक आतला भरगच्च काथ्या काढून घेतात आणि भुसा भरतात, असं मी ऐकून होतो. मी रजा काढली. त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलो.

"जुनाच काथ्या परत भरायचा."

"साहेब, जरा पिंजू तरी द्या. आत काय काय अडकलेलं असतं."

"काही पिंजायचं नाही. उचलायचा आणि तसाच्या तसा भरायचा. एक चिमूट इकडची तिकडे झाली नाही पाहिजे."

त्याने तसंच केलं. मी एकेक टाका डोळ्यात तेल घालून पाहिला. सीट अशी ताठ झाली की तिच्यावर नाणं टाकलं असतं तर उडून हातात आलं असतं.

अष्टमीच्या सकाळी मळ्यात झेंडूची तोडणी सुरू झाली. बायका रांगेने वाफ्यात शिरल्या, बांधावर भरलेल्या क्रेटची थप्पी लागायला लागली, आणि मी गाडी आणायला गॅरेजात गेलो. रंग नवा, टायर नवे, बॉनेटच्या आत सगळं लखलखीत. पण पुढून बघितलं तर गाडीला डोळे नाहीत, कान नाहीत आणि कपाळावर नाव नाही.

"इंजिन तयार हाय," पोपट मिस्त्री म्हणाला. "आता बाकी सामान आणा. तासाभरात जोडून देतो."

"मी आणू?" माझा आवाज चढला. "तू विकलंस आणि मी आणू? आत्ताच्या आत्ता चौकीत चल."

पोपटने शांतपणे कंगवा काढला, भांग नीट केला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचे अण्णा सकाळी येताना पाटी एका बोटावर अडकवून आणायचे. जाताना दोन्ही हातांनी छातीशी धरून न्यायचे. आजींची मेथीची पिशवी येताना आजी उचलायच्या, जाताना रिक्षावाला उचलायचा. तुमच्या मिसेसचा डबा जाताना वाजायचा."

"मग तू बोलला का नाहीस?"

"माल तुमचा, माणसं तुमची. माझे पाने जागेवर होते. मी कशाला बोलू?"

मी तसाच घरी आलो. अण्णा बांधावर क्रेट मोजून घेत होते, त्यांना हाताला धरून ओसरीवर आणलं.

"अण्णा, हॉर्न कुठाय?"

"कंचा?"

"भोंगा," मी म्हणालो. अण्णांनी थोडा वेळ आढ्याकडे पाहिलं, मग आत गेले आणि बियाण्याच्या पोत्यातून भोंगा काढून आणला. "त्यो पोपट बदलील म्हनून आनला," ते म्हणाले. "घरात सांगितलं असतं तर बाहेर फुटलं असतं."

आईने कपाळावर हात मारला. "अगं बाई! मला वाटलं मिस्त्रीनंच हॉर्न लांबवला. म्हणून तर मी आरसे अन् कड्या घेऊन आले!" आरसे बाजरीच्या कोठीत होते, कड्या तिच्या लुगड्यांच्या घडीत. आरसे गेले हे ऐकून मंदाने चाकांच्या वाट्या आणल्या होत्या. त्यातली एक तर किती दिवस भाताच्या पातेल्यावर झाकण म्हणून मी रोज बघत होतो. आणि वाट्या गेल्या म्हणून घाबरून अण्णांनी पुन्हा जाऊन गियरची मूठ आणली होती. एकाने चोरलं म्हणून दुसऱ्याने वाचवलं, आणि दुसऱ्याने वाचवलं ते तिसऱ्याला चोरलेलं वाटलं. मी गुपचूप गादीखालून नंबरप्लेट आणून त्या ढिगात ठेवली. मंदाने ती पाहिली. तिची नजर पाहून पिंपळगावची एस्टी मला पुन्हा आठवली.

आमची निम्मी गाडी घरातच होती. ती आता गॅरेजात न्यायची होती आणि त्या दिवशी न्यायला गाडी मिळत नव्हती. कशीबशी एक रिक्षा मिळाली. सगळं सामान आईच्या जुन्या लुगड्यात बांधलं आणि आम्ही चौघं त्या बोचक्यासकट कोंबून बसलो. वाटेत खड्ड्यात रिक्षा आपटली, बोचकं सुटलं आणि नंबरप्लेट रिक्षावाल्याच्या पायाशी जाऊन पडली. त्याने एकवार तिच्याकडे पाहिलं, एकवार आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि गॅरेजचं वळण सोडून रिक्षा सरळ पोलीस चौकीपुढे उभी केली.

हवालदार समजूतदार होते. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि बोचकं टेबलावर सोडलं.

"गाडी कुठंय?"

"गॅरेजात."

"मग हे सामान तिथून काढलं कुणी?"

"आम्हीच."

"मिस्त्रीला सांगून?"

"नाही. त्याला कळू न देता."

"का?"

"त्यो चोरील म्हनून," अण्णा म्हणाले.

हवालदारांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं आणि पोपट मिस्त्रीला बोलावणं धाडलं. तिकडे मळ्यात झेंडू तोडून पडलेला. अण्णा घड्याळाकडे बघत होते आणि मी अण्णांकडे बघायचं टाळत होतो. पोपट आला, बाहेर आरशासारख्या काचेत भांग पाहिला आणि आत शिरला.

"या लोकांना ओळखता?" हवालदारांनी विचारलं.

"ओळखतो."

"माणसं विश्वासाची आहेत?"

ज्या माणसाला आम्ही इतके दिवस चोर ठरवलं होतं, त्याच्या तोंडाकडे आम्ही चौघं आशेने बघत बसलो. पोपट मिस्त्रीने बराच विचार केला.

"गाडी यांचीच हाय," तो शेवटी म्हणाला. "विश्वासाचं तेवढं मला विचारू नका."

दुपार कलायच्या आत सगळं जोडून झालं. भोंगा, आरसे, कड्या, वाट्या (एकीला भाताचा वास येत होता), नंबरप्लेट. अण्णांनी टोपी नीट केली, गाडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले. शिसवीची मूठ त्यांच्या मुठीत बरोबर बसली. 

"भाऊ," पोपट म्हणाला, "आता वेळ आली. चावी."

मी हसत गाडीजवळ गेलो. दार उघडलं. अण्णांच्या मांडीखाली हात घातला. तिथे जुन्या सीटला एक चीर होती, तिच्यातून मी चावी खोल आत काथ्यात सरकवली होती. आता तिथे चीर नव्हती. ताठ, नवंकोरं, जागोजाग पक्कं शिवलेलं रेक्झिन होतं, आणि भुशाच्या धास्तीत चावी साफ विसरून त्याचा प्रत्येक टाका मी स्वतः बसून घालून घेतला होता.

"काय झालं रे दत्तू?" आईने विचारलं.

"चावी सीटमध्ये आहे," मी म्हणालो.

 मंदाने पदर तोंडाला लावला. अण्णा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. ते मला सहन होईना. मी म्हणालो, "ब्लेड आणा, मी सीट फाडतो."

"खबरदार!" आई म्हणाली. "नवं रेक्झिन हाय ते."

पोपट मिस्त्री पुढे आला. वाकून त्याने स्टिअरिंगखाली हात घातला, दोन वायरी ओढून काढल्या आणि एकमेकींना टेकवल्या. गाडी खोकली, हादरली आणि धडधडायला लागली.

"भाऊ," तो इंजिनाच्या आवाजाच्या वरताण ओरडून म्हणाला, "मला न्यायची असती तर चावी लागलीच नसती."

 अण्णांना ऐकूच गेलं नव्हतं. ते भोंगा वाजवत होते.

नवमीच्या पहाटे आम्ही फूलबाजारात पोचलो. गाडी अण्णा चालवत होते, मी शेजारी, मांडीवर झेंडूची पाटी. मागे हौदा शिगोशीग भरलेला. भोंगा वाजला तसं पलीकडून कुणीतरी न बघताच म्हणालं, "मखमलाबाद आलं!" अण्णांनी गाडी बरोबर आपल्या जुन्या जागी लावली.

"उतरू का?" मी विचारलं.

"थांब जरा," अण्णा म्हणाले. "लोकांना बघू दे."

आता अण्णा चालवत नाहीत, मी चालवतो. नवी चावी करून घ्यायचा विषय निघाला होता, पण चावीवाला जादा एक करून स्वतःकडे ठेवेल अशी आईला शंका आली. त्यामुळे आमची पिकअप अजूनही दोन वायरी टेकवून चालू होते. कुणीही यावं आणि ती घेऊन जावी. चावी मात्र सुरक्षित आहे. तिच्यावर मी स्वतः बसून असतो.